पासवर्ड बरोबर, तरी एरर 691: आधी जुना मॅक आयडी शोधा

चोपड्याच्या भाऊंनी लिहिलंय की विंडोज नव्याने टाकल्यापासून वायरचं नेट लागत नाही. पोर्टचा दिवा लुकलुकतो, ड्रायव्हर बसलाय, पण ब्रॉडबँड डायल केलं (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडलं) की एरर 691, म्हणजे पासवर्ड चुकल्याचा संदेश, आणि नेट कंपनीच्या ऑफिसातले लाइन चालू असल्याचं सांगतात. वाचून पोटात गोळाच आला, भाऊ. हुबेहूब हेच मी भोगलंय.

केबल, ड्रायव्हर तुम्ही पाहिलंच आहे, त्यात शिरत नाही. 169.254 ने सुरू होणारा आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) दिसतोय म्हणून घाबरू नका. डायल होईपर्यंत तो तसाच दिसतो.

2023 चा खरीप. एक रुपयात पीकविमा त्याच वर्षी सुरू झालेला, अमळनेरजवळच्या आमच्या दुकानापुढे विम्याचे फॉर्म भरायला सकाळी सातपासून शेतकरी उभे. नेमकं तेव्हाच विंडोज बंद पडलं, नव्याने टाकलं आणि नेट गेलं. नऊ दिवसांत ऑफिसात सहा चकरा. दर वेळी एकच उत्तर, "लाइन चालू शे, तुमना कॉम्प्युटर खराब शे." तीनदा पासवर्ड बदलून दिला. मग तिथल्याच एकाने परत फॉर्मॅट मारायला सांगितलं आणि मी मारला. सगळ्यात महागात पडलं ते हेच.

झालं होतं असं. दुकानाचं कनेक्शन जुन्या कॉम्प्युटरच्या मॅक आयडीला (लॅन कार्डाचा, म्हणजे वायरचं नेट लागतं त्या भागाचा, ओळख क्रमांक) बांधलेलं होतं. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जोडणी करणाऱ्या पोराने ऑफिसात नोंद न बदलता जुना आयडी नव्या लॅन कार्डाच्या सेटिंगमध्ये टाकून दिला. विंडोज बदललं, ते सेटिंग पुसलं गेलं, कार्ड आपल्या खऱ्या आयडीने बोलायला लागलं. पलीकडचा सर्व्हर अनोळखी आयडी नाकारतो आणि आपल्याला दिसतं 691, म्हणजे पासवर्ड चुकल्यासारखं. पहिल्या वेळी विंडोज.ओल्ड हा जुन्या विंडोजच्या फाइलींचा फोल्डर उरला होता, त्यातल्या रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग साठवतं तिथे) तो जुना आयडी होता. दुसऱ्या फॉर्मॅटने तोही गेला. म्हणून सांगतो, कोणी कितीही म्हणो, परत फॉर्मॅट करू नका.

जुना कॉम्प्युटर नंदुरबारला भाच्याकडे होता. त्याला फोनवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही कमांड मारायला लावली, फिजिकल अ‍ॅड्रेस (म्हणजेच मॅक आयडी) लिहून घेतला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' असतं (इंटेलच्या कार्डात 'लोकली अ‍ॅडमिनिस्टर्ड अ‍ॅड्रेस'). तिथे ती 12 अक्षरं मधल्या रेघा न देता टाकली. लगेच डायल झालं. विम्याची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून लोकांचे फॉर्म तरी गेले.

मी इंजिनिअर नाही, तुमचं कारण वेगळंही असू शकतं. जुनं मशीन त्याच स्विचवर (केबली जोडायच्या डब्यावर) चालू असेल तर हा आयडी टाकू नका, दोन्ही अडखळतील. खरा उपाय ऑफिसातच आहे: "माझा मॅक बाइंड आहे का? सोडा आणि नवा नोंदवा" एवढंच ठामपणे म्हणा. काम दोन मिनिटांचं आहे. आमच्याकडे नऊ दिवसांत एकालाही ते पाहावंसं वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही. भर उन्हातान्हात माणसं परत पाठवली मी.

तोवर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला द्या), दुकान चालू राहील. आणि जमलं तर मध्ये राउटर बसवून त्याचाच मॅक नोंदवून घ्या, त्याच्यातच डायलिंगही टाका. मग कॉम्प्युटरचं विंडोज कितीदा बदला, लाइनला कळतही नाही. आमच्याकडे तेव्हापासून तसंच आहे.