उन्हात बंद पडणारी चेनसॉ : कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी

आपली तक्रार अशी आहे की इंदूरजवळच्या शेतावर सकाळी मशीन उत्तम चालते, पण दुपारी पारा चाळिशीपलीकडे गेला की काही वेळाने तिची ताकद उतरते, ती बंद पडते आणि सावलीत अर्धा तास ठेवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. प्लग नवा टाकून झाला आहे आणि दुचाकीच्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ करून त्याचे स्क्रू थोडे कसले आहेत. यातले शेवटचे काम मला सर्वाधिक खटकते.

तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दुपारी तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी पडते आणि मोकळ्या फुल थ्रॉटलवर, म्हणजे लाकडाला न लावता पूर्ण वेगाने चालवताना, मशीन किंचित फडफडते. तो आवाज ऐकून ‘एच’ स्क्रू (पूर्ण वेगात किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) कसला, की माळव्यातल्या गार सकाळी तेच मिश्रण कोरडे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले, ठरते. आणि टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, त्यामुळे पिस्टन ओरबाडला जातो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण मुळातच थोडे कोरडेपणाकडे झुकते. म्हणून स्क्रू आधी कंपनीच्या पुस्तिकेतील मूळ जागी आणावेत. फुल थ्रॉटलवर होणारी हलकी फडफड लाकडात पाते शिरताच नाहीशी होत असेल, तर ती शुभलक्षण समजावी.

खरा शोध मशीन बंद पडते त्याच क्षणी घ्यायचा असतो; सावलीत थंड झालेले मशीन काहीच सांगत नाही. सर्वप्रथम पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाकडे लक्ष द्यावे. मशीन बंद करून, सायलेन्सरपासून तोंड दूर ठेवून, झाकण अगदी सावकाश पाव फेरा सैल करावे, कारण तापलेल्या टाकीत दाब असेल तर पेट्रोल कारंज्यासारखे उडते आणि शेजारी लालबुंद सायलेन्सर असतो. हवा सूं करून बाहेर आली तर ते उन्हाळ्यात स्वाभाविक आहे. पण हवा आत ओढली गेली आणि झाकण पुन्हा लावताच मशीन पूर्ववत चालू लागले, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याची बारीक वाट, भुश्याने बुजला आहे. टाकीतले पेट्रोल कमी होते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही आणि शेवटी कार्ब्युरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. हा व्हेंट स्वस्तात मिळतो आणि साफ करण्यापेक्षा बदललेला बरा.

झाकण निर्दोष ठरले तर लगेच ठिणगी पाहावी. प्लग काढून, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पात्यांना टेकवून, पण प्लगच्या भोकापासून लांब धरून दोरी ओढावी, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर येते, असे असेल तर इग्निशन कॉइल गेली आहे. तिच्या आतले वेटोळे तापल्यावर दगा देते, आणि थंड मशीनवर तपासणारा मेकॅनिक तिला हमखास निर्दोष ठरवतो. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलपासून (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकापासून) साधारण ०.३ मिलिमीटर अंतर ठेवावे. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरले तरी काम भागते.

ठिणगीही असेल तर दोष उष्णतेचा, म्हणजे बहुधा थंड होण्याच्या वाटेचा. स्टार्टरचे आवरण काढून पाहा: फ्लायव्हीलची पाती आणि सिलिंडरच्या फटी यांत बाभळीचा बारीक भुसा तेलात भिजून, वाळून, पापडीसारखा चिकटलेला आढळेल. तो लाकडी काडीने काढावा. काही मॉडेलांत हिवाळ्यासाठी एक सरकती झडप असते, ती सिलिंडरची गरम हवा कार्ब्युरेटरकडे नेते; सेकंडहँड मशीन घेतले असेल तर ती हिवाळ्याच्या बाजूला तर नाही ना, हे आवर्जून पाहावे. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल तरी ताकद उतरते. साखळीलाही विसरू नये: भुसा पिठासारखा पडत असेल, टपोऱ्या चकत्या पडत नसतील, तर साखळी बोथट आहे आणि इंजिन नाहक तापते आहे.

पेट्रोलबाबत थोडक्यात. एका लिटरला पुस्तिकेत सांगितलेले तेल, पन्नासास एक असेल तर २० मिलिलिटर, मोजूनच घालावे. अंदाजाने ओतू नये. जुने मिश्रण वापरू नये, आणि कॅन उन्हात ठेवू नये. लांब कापानंतर लगेच बंद न करता मशीन थोडा वेळ मंद चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळत नाही. गरम मशीन सुरू करताना चोक ओढू नये. पेट्रोल जास्त झाल्याचा संशय असेल तर चोक उघडा ठेवून, साखळीचा ब्रेक लावून, थ्रॉटल पूर्ण दाबून दोरी ओढावी.

एवढे करूनही मशीन मंद गतीवर आपोआप जोरात पळू लागत असेल किंवा आडवे धरल्यावर आवाज बदलत असेल, तर क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) सीलमधून अथवा इनटेकच्या, म्हणजे कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधल्या, रबरातून हवा शिरत आहे. अशा वेळी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर गळतीची दाब-चाचणी होईपर्यंत मशीन चालवू नये.