घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे

"आता अगदी पूर्वीसारखा झालाय. मग गोळ्या अजून किती दिवस?" मनोविकार वॉर्डातून माणूस घरी आला की घरच्यांचा हा प्रश्न ठरलेला.

सायकोसिसमुळे, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारामुळे, दाखल झालेल्या एका तरुणाची बहीण माझ्याकडे हेच विचारायला आली होती. वर तक्रार: "गोळी घेतलीस का विचारलं की दार आपटतो."

तो म्हणाला, "ती विचारते तेव्हा वाटतं, मी अजून वॉर्डातच आहे."

गोळ्यांचा विषय बाजूला ठेवून दोघांना विचारलं, दाखल होण्याआधी सर्वांत पहिल्यांदा काय बदललं होतं? ताई लगेच म्हणाल्या, "आवाज ऐकू यायला लागले." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याच्या पंधरा दिवस आधीपासून मी पहाटेपर्यंत जागा असायचो. फोनची रिंगही सहन व्हायची नाही."

ताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कसं असेल? पहिली खूण बऱ्याचदा पेशंटलाच आधी कळते, आणि पाळत ठेवणाऱ्याला तो ती सांगत नाही. माझा भर म्हणूनच घरातल्या बोलण्यावर असतो. दोघांचं लेखी ठरलं: सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली तर तो स्वतः सांगेल, ताई त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करतील. सात कप्प्यांची डबी रविवारी दोघांनी मिळून भरायची. एरवी गोळीची चौकशी बंद. दार आपटणं थांबलं, हे नमूद करायला मला आवडेल.

आता ताईंचा प्रश्न. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सहसा काही बिघडत नाही. उलट सुस्ती उतरते, बरं वाटतं. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. आजाराच्या पहिल्या झटक्यानंतरही औषध साधारण एक-दोन वर्षं चालतं. कमी करायचं ते डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

घरी निघण्यापूर्वीच सात दिवसांच्या आतली तपासणीची तारीख घ्या. गोळ्या त्या तारखेच्या पुढे आठवडाभर पुरतील एवढ्या हव्यात. डिस्चार्ज कार्डावर बंद केलेली औषधंही लिहून मागा, कारण घरातल्या जुन्या स्ट्रिप्समुळे दुहेरी डोस जातो. त्या स्ट्रिप्स परत करा, उरलेला साठा कुलपात ठेवा. आत्महत्येचा धोका याच पहिल्या आठवड्यांत सर्वाधिक असतो. शंका आली तर स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर तारखेची वाट न पाहता, माणसाला एकटं न सोडता, तडक इस्पितळ गाठा.

क्लोझापिन हे सायकोसिसवरचं औषध चालू असेल आणि ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस आपणहून सुरू करू नका. रक्तदाब एकदम घसरू शकतो. आधी डॉक्टरांना फोन.