'बी केअरफुल' कधी आणि 'वॉच आऊट' कधी? वाचकांचे प्रश्न

इशारा देण्याच्या आणि सावध राहण्याच्या इंग्लिश शब्दांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आले. सोलापुरातूनच जास्त आलेत, त्यातले काही आज घेतोय.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. बाहेरून आलेल्या मशीनवर कुठं कॉशन, कुठं वॉर्निंग, कुठं डेंजर लिहिलेलं असतं. मी सगळ्याचं मराठी 'सावधान' असंच सांगतो, चालेल ना?

नाही दादा, चालणार नाही, आणि हे मी जरा कळकळीनं सांगतोय. अमेरिकेतल्या सेफ्टी स्टँडर्डमध्ये हे शब्द मोजून-मापून ठरवलेत आणि बऱ्याच मशीनवर तेच असतात. लाल पट्टीतलं डेंजर म्हणजे टाळलं नाही तर माणूस मरणार नाहीतर गंभीर जखमी होणारच. केशरी वॉर्निंग म्हणजे तसं होऊ शकतं. पिवळं कॉशन म्हणजे इजा किरकोळ किंवा मध्यम होऊ शकते. आणि निळी नोटीस असेल तर माणसाला धोका नाही, मशीनचं वगैरे नुकसान होईल.

घोळ होतो तो मधल्या शब्दाचा. आपण मराठीत बोलताना म्हणतो की साहेबांनी वॉर्निंग देऊन सोडलं, म्हणजे दम दिला आणि विषय संपला, त्यामुळं कामगाराला वॉर्निंग हा हलकाच शब्द वाटतो, पण मशीनवरच्या वॉर्निंगमध्येसुद्धा जीव जाऊ शकतो. म्हणून डेंजरला 'जीव जाईल', वॉर्निंगला 'जीव जाऊ शकतो' आणि कॉशनला 'जपून, लागेल' असं सरळ लिहा. आणि तुमच्याकडं तेलुगू, कन्नड बोलणारे कामगार असतीलच, त्यांच्या भाषेतही लिहून चिकटवा, एका दिवसाचं काम आहे.

प्रश्न : पुणे-हैदराबाद हायवेवर टँकरच्या मागं 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'इन' लागलं की उलट अर्थ होतो ना, मग हे न पेटणारं आहे का?

बरं झालं विचारलंत! ते अगदी चटकन पेटणारं असतं. इन्व्हिजिबल म्हणजे न दिसणारं, त्यावरून तुम्ही अंदाज बांधलात, पण इथला 'इन' नकाराचा नाही, लॅटिनमधल्या 'आत आग लावणे' या क्रियापदातून तो शब्द आलाय. हाच गैरसमज इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होईल या भीतीनं १९२० च्या दशकापासून अमेरिकेतल्या आग-सुरक्षेच्या लोकांनी 'फ्लेमेबल' हा शब्द पुढं आणला. दोन्हीचा अर्थ एकच. न पेटणारं सांगायचं तर 'नॉन-फ्लेमेबल'.

प्रश्न : मुलानं शाळेत 'आय बीवेअर्ड' लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारली. का?

बाई बरोबर आहेत ताई. बीवेअर म्हणजे 'बी' अधिक 'वेअर', आणि वेअर हा सावध या अर्थाचा जुना शब्द, अवेअर त्याच घरातला. आजच्या इंग्लिशमध्ये ह्याला भूतकाळ वापरत नाहीत, 'बीवेअर ऑफ डॉग' अशी आज्ञा द्यायची किंवा 'यू शुड बीवेअर' म्हणायचं. झालेल्या गोष्टीला 'आय वॉज केअरफुल' लिहायला सांगा.

प्रश्न : कुणाच्या अंगावर गाडी येत असेल तर 'बी केअरफुल' ओरडावं का?

नको, ते लांब पडतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत एखाद्याच्या अंगावर हातगाडी येताना आपण 'कृपया काळजी घ्या' म्हणतो का, 'ए बाजूला हो' असंच ओरडतो ना, तसं इंग्लिशमध्ये 'वॉच आऊट!' नाहीतर 'लुक आऊट!'. बी केअरफुल हे आधी सांगायचं, म्हणजे पोरगा गाडीची किल्ली घेऊन निघाला की दारातून. ऑफिसच्या मेलमध्ये 'जस्ट अ हेड्स-अप' येतं तेव्हा घाबरू नका, ती फक्त आगाऊ कल्पना असते.

प्रश्न : आमचं गाव भीमेकाठी आहे. पावसाळ्यात टीव्हीवर यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट चालू असतं, नेमकं काय करायचं?

सगळ्याला अलर्ट म्हणून म्हणून फरकच पुसला गेलाय आणि मला हे फार खटकतं. हवामान खात्याचे मूळ शब्द वेगवेगळे आहेत. यलोला 'वॉच', म्हणजे बातम्यांवर लक्ष ठेवा. ऑरेंजला 'अलर्ट', म्हणजे तयारीत रहा. रेडला 'वॉर्निंग', म्हणजे आता हालचाल करा. अलर्ट मूळचा इटालियन, उंचावर उभं राहून पहारा देण्याचा शब्द, आपल्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावरचा पहारेकरी डोळ्यापुढं आणा. अलार्मही तिथलाच, त्याचा अर्थ 'शस्त्रं उचला'. म्हणजे पहाऱ्यावरचा माणूस अजून जागेवर असतो, अलार्म झाला की उठायचं.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. हे रंग तुमच्या जिल्ह्यातल्या हवामानाचे असतात, उजनी धरणातून सोडलेल्या पाण्याचे नाहीत. पाऊस वर पुण्याकडं पडतो आणि आपल्याकडं कोरडं ऊन असतानाही भीमा फुगते, त्यामुळं टीव्हीवर सोलापूरला ग्रीन दिसलं तरी विसर्ग वाढवल्याचा निरोप आला की पाण्याच्या मोटारी आणि जनावरं आधी वर काढा.