ग्रीक अवशेषांसाठी गाइड घ्यावा का? घ्या, पण पडलेल्या देवळांसाठी

रोम-नेपल्स झाल्यावर दक्षिण इटलीतली ग्रीक देवळं बघायची आहेत, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत, आणि तज्ज्ञ गाइडचे पैसे वसूल होतात की ऑडिओ गाइडवर भागतं, असं तुम्ही विचारलंय. नेपल्सच्या दक्षिणेचं पेस्टुम करावं की सिसिली बेट, हाही प्रश्न आहेच. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

गाइड जरूर घ्या, पण सगळीकडे नको. जे देऊळ छपरापर्यंत उभं आहे ते तुमचे डोळे बघतील, थोडं आधी वाचून गेलात तर समजेलही. गाइडवर पैसे खर्च करायचे ते जिथे सगळं कोसळलंय, किंवा जिथे देऊळ दुसऱ्याच इमारतीच्या पोटात गेलंय तिथे. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. सुंदर देवळापुढे गाइड घेऊन फोटो काढतात आणि दगडांच्या ढिगाऱ्यापाशी आले की "इथे काही नाही" म्हणून पुढे जातात.

थोडी पार्श्वभूमी. इसवी सनपूर्व 8व्या शतकात ग्रीक लोक नेपल्सच्या आखातातल्या इस्किया बेटावर आणि समोरच्या कूमाला येऊन वसले. मग सिसिलीच्या आणि दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर एकामागून एक नगरं उभी राहिली. कोरिंथच्या लोकांनी सिराक्यूज, स्पार्टाच्या लोकांनी टारांटो वसवलं. रोमन लोक मुख्य भूमीवरच्या या पट्ट्याला मॅग्ना ग्रेशिया म्हणत. ही नगरं श्रीमंत होती आणि एकमेकांशी चुरशीने मोठाली देवळं बांधत होती. म्हणून डोरिक शैलीतली (जाड, साध्या शीर्षाच्या खांबांची) कितीतरी उत्तम देवळं आज ग्रीसमध्ये नाहीत, इटलीत आहेत.

आता पेस्टुम. नेपल्सहून किंवा सालेर्नोहून लोकल गाडीने जाता येतं. स्टेशन जुन्या तटबंदीच्या अगदी बाहेर आहे आणि पुढचा रस्ता सपाट आहे, म्हणजे आईवडिलांना सोपं. याचं मूळ नाव पोसिडोनिया, समुद्रदेव पोसायडनच्या नावावरून. साधारण इ.स.पू. 600च्या सुमाराला दक्षिण इटलीतल्याच सिबारिस नगराच्या ग्रीकांनी वसवलेलं. इथे तीन देवळं उभी आहेत, तरी इथे मी गाइड घ्याच म्हणेन, कारण तिघांमध्ये जेमतेम शंभर वर्षांचं अंतर आहे आणि त्या शंभर वर्षांत ग्रीक स्थपती काय शिकले ते एका सकाळी पायी चालत बघता येतं. अशी जागा दुसरी नाही.

सगळ्यात जुनं, 'बॅसिलिका' नावाचं, इ.स.पू. 550च्या आसपासचं. समोरचे खांब मोजा: नऊ. विषम संख्या. म्हणजे मधोमध खांबच येतो, आत छपराची मधली तुळई पेलायला खांबांची एक रांग लावावी लागते, आणि देवाच्या मूर्तीसमोरची सरळ वाटच बंद होते. खांब मध्यावर ठळक फुगलेले, वरचं शीर्ष दाबल्यासारखं पसरट. मग अथेनाचं देऊळ, सुमारे इ.स.पू. 500. समोर सहा खांब, बाहेरून डोरिक, पण आतल्या ओसरीला आयोनिक, म्हणजे सडपातळ आणि शीर्षाला वळसे असलेले खांब होते. आणि तिसरं, 'नेपच्यून'चं म्हणून ओळखलं जाणारं, इ.स.पू. 460च्या सुमाराचं. त्याच्यासमोर उभं राहिलं की सगळी प्रमाणं जुळून आल्याचं न सांगता कळतं. पण का कळतं, हे सांगायला माणूस लागतो. आम्हाला मिळालेल्या बाई पुरातत्त्वाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी आधी बॅसिलिकासमोर उभं केलं, मग नेपच्यूनसमोर, आणि फक्त विचारलं, "काय बदललं?" आमची उत्तरं संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. अशी शिकवण्याची हातोटी कुठल्याही यंत्रात नाही.

पेस्टुमचं संग्रहालय मात्र घाईत उरकू नका. 1968 साली मारियो नापोली यांना जवळच्याच दफनभूमीत सापडलेली 'सूर मारणाऱ्याची कबर' तिथे आहे. चार बाजूंना मद्यपानाच्या मैफलीची चित्रं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर, पाण्यात सूर मारणारा एकटा तरुण. इ.स.पू. 480-470च्या आसपासची ही चित्रं. ग्रीक भित्तिचित्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली, त्यामुळे याचं मोल फार मोठं. मैफलीतला एकजण प्याल्यातला तळाचा गाळ नेम धरून उडवतोय. तो एक खेळ होता, आणि हे सांगितल्याशिवाय त्या हाताच्या वळणाकडे लक्षही जात नाही.

तिथेच ब्राँझची भांडी आहेत. 1954 साली जमिनीखालच्या बंदिस्त देवघरात सापडली, आत चिकट काळपट पदार्थ. तो मध असावा असं तेव्हाच वाटलं होतं, पण आधीच्या चाचण्यांत ते सिद्ध होईना. 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नव्या तंत्राने तपासून तो मधाच्या पोळ्याचाच अवशेष असल्याचं दाखवलं. अडीच हजार वर्षांपूर्वी देवाला ठेवलेला मध! गाइड चांगला असेल तर अशा ताज्या गोष्टी त्याला ठाऊक असतात, आणि पाठ केलेलं भाषण नि अभ्यास यातला फरक तिथेच दिसतो.

एक अवांतर, पण राहवत नाही. पोसिडोनियाच्या नाण्यांवर त्रिशूळ उगारलेला पोसायडन आहे. आपल्या कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनचीच छोटी ब्राँझमूर्ती मिळाली, ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. रोमन व्यापाराच्या काळात ती आपल्याकडे पोचली. इटलीला जायच्या आधी कोल्हापूरला जाणं झालं तर ती नक्की बघा.

सिसिलीत अग्रिजेन्तोला सगळे कॉन्कॉर्डिया देवळासाठी जातात. ते आहेही अप्रतिम. इ.स.पू. 440-430च्या काळातलं, आणि 6व्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं म्हणून वाचलं. आतल्या भिंतींत कापलेल्या कमानी त्याच वेळच्या. पण गाइडची खरी गरज आहे ती ऑलिंपियन झ्यूसच्या देवळापाशी. तिथे दिसतो नुसता ढिगारा. आता त्याचं माप ऐका: साधारण 112 मीटर लांब, 56 मीटर रुंद. खांब सुटे नव्हते, भिंतीत अर्धे गुंतवलेले होते, आणि खांबांवरची एकेक उभी खोबण इतकी रुंद की तीत माणूस उभा राहील. मध्ये साडेसात मीटर उंचीचे दगडी पुरुष दोन्ही हात डोक्यावर घेऊन वरचा भार पेलत होते. त्यांतला एक जुळवून तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात उभा केलाय. तो चुकवू नका. सिसिलीतल्या हिमेराच्या लढाईत, इ.स.पू. 480 मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा पराभव झाल्यावर हे काम सुरू झालं आणि इ.स.पू. 406 मध्ये कार्थेजनेच शहर लुटलं तेव्हा ते अपुरंच होतं. पुढे 18व्या शतकात इथले दगड पोर्तो एंपेदोक्लेचं बंदर बांधायला नेले. पडलेल्या चिऱ्यांच्या कडांना इंग्रजी यू अक्षरासारखे खोल चर दिसतील. दोर अडकवून दगड उचलायची ती सोय. हे एकदा दाखवलं की ढिगारा ढिगारा राहत नाही, तो बांधकामाचा तळ होतो.

सिसिलीतल्याच सेलिनुन्ते या ग्रीक नगराचंही तसंच. पडलेल्या खांबांचे गोल तुकडे उतरंड कोसळावी तसे ओळीने आडवे झालेत. वाहन हाताशी असेल तर जवळच्या कूसाच्या खाणीत जा. इ.स.पू. 409 मध्ये कार्थेजचा हल्ला आला आणि काम थांबलं, त्यामुळे खांबांचे तुकडे अर्धवट कोरलेले खडकातच उभे आहेत. सेजेस्ताला मात्र गाइडशिवाय जाऊन शांत बसा. ते देऊळ ग्रीकांचं नव्हे, सिसिलीतल्या एलिमी नावाच्या स्थानिक लोकांचं, पण शैली ग्रीक. खांबांना खोबणी पाडायच्या राहून गेल्यात, पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटे तसेच आहेत. एवढं लक्षात ठेवून गेलात की पुरे.

सिराक्यूजला अर्धा दिवस तरी जाणकार माणूस हवाच. ओर्तिजा बेटावरचं कॅथीड्रल बाहेरून बरोक, म्हणजे नक्षीदार भव्य शैलीचं, 1693च्या भूकंपानंतरच्या दर्शनी भागाचं. आत पाऊल टाकलं की बाजूच्या भिंतीत जाडजूड डोरिक खांब. हे इ.स.पू. 5व्या शतकातलं अथेनाचं देऊळ. खांबांमधल्या फटी बुजवून बाहेरची भिंत केली, गाभाऱ्याच्या भिंती फोडून कमानी केल्या. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर कसं झालं हे समजायला जागेवर उभं राहून समजावणारं कोणी लागतं. जवळच अपोलोच्या देवळाचे अवशेष आहेत, इ.स.पू. 6व्या शतकाच्या सुरुवातीचे. तिथे पायरीवर ग्रीक लेख कोरलाय, तोही दाखवून घ्या.

मग दगडाच्या खाणी, लातोमिये. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सचं आक्रमण फसलं तेव्हा सात हजारांवर कैदी इथे डांबले. त्या काळच्या ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलंय की त्यांना दिवसाला जेमतेम एक पेला पाणी आणि थोडं धान्य मिळे, वर ऊन, खाली मेलेल्यांचे ढीग. आज तिथे लिंबाची झाडं आहेत. ही माहिती नसेल तर ती एक सुंदर बाग आहे, इतकंच.

याच ठिकाणी गाइडची परीक्षाही होते. तिथल्या एका गुहेला 'डायोनिसियसचा कान' म्हणतात. सिराक्यूजचा जुलमी राजा डायोनिसियस वरून कैद्यांचं बोलणं ऐकायचा ही गोष्ट सगळे सांगतात. हे नाव 1608 साली तिथे आलेल्या चित्रकार काराव्हाज्जोने दिल्याचं सांगतात, म्हणजे राजानंतर दोन हजार वर्षांनी. चांगला गाइड दंतकथा रंगवून सांगेल, पण दंतकथा म्हणून. तसंच 'नेपच्यून'चं देऊळ खरं कोणाचं, हे विचारा. ते नाव 18व्या शतकातल्या अभ्यासकांनी अंदाजाने दिलं, हेरा की झ्यूस की अपोलो यावर वाद आहे. 'कॉन्कॉर्डिया' हे नावही जवळ सापडलेल्या, देवळाशी संबंध नसलेल्या लॅटिन लेखावरून चिकटलं. जो "यावर मतभेद आहेत" असं मोकळेपणाने म्हणतो त्याच्याबरोबर चाला.

ठरवताना ईमेलवर तीन गोष्टी विचारा. परवाना आहे का (इटलीत पैसे घेऊन गाइड करायला तो लागतोच), शिक्षण पुरातत्त्वाचं आहे का, आणि संग्रहालयही सोबत करणार का. खाजगी गाइडचा दर बहुधा गटाचा असतो, माणशी नाही. तेव्हा चौघांसाठी तो वाटतो तितका महाग पडत नाही. आईवडिलांना इंग्रजी वेगात कळत नसेल तर आधीच सांगा, सावकाश बोलायला आणि तुम्हाला मराठीत सांगायला वेळ द्यायला. अडीच तासांपेक्षा जास्त ठरवू नका. नंतरचा वेळ तुमचा.

जुलै-ऑगस्ट टाळाच. या जागांवर सावली नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. अग्रिजेन्तोला वरच्या, म्हणजे हेराच्या देवळाकडच्या दरवाजाने शिरून खाली उतरत या. मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत सिराक्यूजच्या प्राचीन नाट्यगृहात ग्रीक नाटकं होतात (ही प्रथा 1914 पासूनची). भाषा इटालियन, तरी अनुभव घेण्यासारखा. मात्र त्या दिवसांत दगडी आसनं लाकडाने झाकलेली असतात, म्हणून दोन्ही हवं असेल तर तारखा बघा.

आईवडील शाकाहारी असतील तर एक सूचना. पेस्टुमच्या परिसरात म्हशीच्या दुधाचं ताजं मोझ्झारेला मिळतं, पण पारंपरिक पद्धतीत त्यात वासराच्या जठरातलं रेनेट (दूध नासवायचं विरजण) वापरतात. कडक पाळत असाल तर विचारून घ्या. पालेर्मोत पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, बिनधास्त खा.

पेस्टुम की सिसिली? हाताशी दोनच दिवस असतील तर पेस्टुमला मुक्काम करा, एक दिवस गाइडसोबत आणि दुसऱ्या सकाळी एकटे. पाच-सहा दिवस असतील तर नेपल्सहून विमानाने कातानियाला, सिराक्यूजला दोन रात्री, मग अग्रिजेन्तो, आणि पालेर्मोहून परत. पालेर्मोच्या सालिनास संग्रहालयात सेलिनुन्तेच्या देवळांवरची शिल्पं आहेत, त्यासाठी दोन तास राखून ठेवा. तारखा ठरल्या की इथेच लिहा, गाइडला पाठवायचं पत्र आपण मिळून तयार करू.