‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हा प्रयोग बरोबर आहे का?

निधनाच्या बातमीवर ‘अमुक यांची कर्करोगाशी झुंज अपयशी’ असा मथळा असतो. तो खटकतो, त्यात भाषेची चूक आहे का आणि दुसरं काय लिहावं, असा प्रश्न आला आहे.

व्याकरण ठीक आहे. खटकतं ते ‘अपयशी’. अपयश येतं प्रयत्न करणाऱ्याला: परीक्षेत, धंद्यात, निवडणुकीत. गाठीने औषधाला दाद दिली नाही, यात माणसाची काय कसूर? पण मथळा गेलेल्याला नापास करून मोकळा होतो, आणि घरचे ‘आपलंच काही कमी पडलं का’ म्हणून झुरत बसतात.

‘झुंज’ संस्कृत ‘युध्’वरून, प्राकृत ‘जुज्झ’मार्गे आली. गावाकडे झुंज लावतात ती रेड्यांची, कोंबड्यांची. झुंजणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्या अर्थाने रुग्णाला शब्द चपखलच बसतो म्हणा! बऱ्या झालेल्यांबद्दल ‘कर्करोगावर मात’ म्हणतात, ती ‘मात’ बुद्धिबळातली; ती झाली की डाव संपतो. कर्करोग मात्र पुन्हा उलटू शकतो.

युद्धाच्या भाषेला शत्रू लागतो. मार्च 2020 मध्ये पंतप्रधान म्हणाले, महाभारताचं युद्ध 18 दिवसांत जिंकलं गेलं, कोरोनाविरुद्धचं हे युद्ध 21 दिवसांत जिंकायचंय. विषाणू काही डोळ्यांना दिसेना, मग हातावर विलगीकरणाचा शिक्का असलेला शेजारीच शत्रू ठरला. आपल्याकडची जुनी भाषा निराळी होती. देवी ‘यायच्या’, गोवर ‘निघायचा’. देवीचा कोप व्हायचा, पण रोगी हरला असं कुणी म्हणत नसे. (अंधश्रद्धेची भलामण करत नाहीये; देवी गेली ती लशीने.)

आणि लढाईची भाषा निदान सावध तरी करते, हेही पुरतं खरं नाही. हाउजर आणि श्वार्झ या मानसशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं, की कर्करोगाबद्दल लढाईच्या भाषेत वाचलेले लोक धूम्रपान, मद्यपान यांना आवर घालायला उलट कमी राजी होते. लढायचं म्हटलं की हल्ला सुचतो, पथ्य नाही.

‘प्रदीर्घ आजाराने’ हा पर्याय मला पटत नाही. त्यात रोगाचं नाव घ्यायची लाज दिसते. रुग्ण स्वतः ‘मी झुंजतेय’ म्हणत असेल तर तिचे शब्द तसेच छापावेत, कित्येकांना त्यातून बळ मिळतं. गेलेल्या माणसाबद्दल ‘कर्करोगाने निधन’ पुरे. उपसंपादकांना सांगायचं तर एका कॉलमातही बसतं.