हुंकाराला उत्तर समजू नकोस

चिरंजीव मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सिग्नल बिघडलेल्या रात्री तू स्टेशन मास्तर म्हणून कामावर असताना सेक्शन कंट्रोलर, म्हणजे सेक्शनमधल्या गाड्या दुरून चालवणारा माणूस, तुझ्यावर फोनवर खेकसला, रूळ जिथे फुटतात ते पॉइंट फिरवून क्लॅम्पने पक्के आवळणारे, वडिलांच्या वयाचे पॉइंट्समनकाका "मी काय आज पहिल्यांदा पॉइंट क्लॅम्प करतोय का?" म्हणून रुसले, आणि एवढ्यावरून आपल्याला माणसांशी बोलताच येत नाही असे तू ठरवून टाकलेस. उपाय म्हणून व्यक्तिमत्त्व विकासाचा एक ऑनलाइन वर्गही लावलास, ज्यात खांदे ताठ ठेवायला आणि डोळ्याला डोळा भिडवायला शिकवतात. वर्ग लावल्याचा मला राग नाही. पण ज्याच्याशी तुला लाइन क्लिअरचे, म्हणजे गाडी सोडायच्या परवानगीचे, बोलायचे असते, तो पुढच्या स्टेशनात, काही किलोमीटर पलीकडे बसलेला असतो. तिथे तू कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवणार आहेस?

काकांना तू निरोप परत म्हणायला लावलास, हे योग्यच केलेस. सांगितलेला निरोप ऐकणाऱ्याच्या तोंडून, लाइनच्या आणि पॉइंटच्या नंबरासकट, आपल्या कानावर परत येईपर्यंत तो पोचला असे मानायचे नसते. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेत तुला प्रायव्हेट नंबरची नोंद कशी करायची ते शिकवले असेल, पण तो नंबर कशासाठी, याचा विचार तू केलेला दिसत नाहीस. फाटकवाल्याला गाडीची सूचना दिल्यावर तो "फाटक बंद आहे" एवढेच म्हणाला तर आपण ते धरत नाही. त्याच्याकडच्या तक्त्यातला दोन अंकी नंबर मागतो, रजिस्टरात लिहितो, आणि वापरलेला नंबर तो तक्त्यावर खोडतो. याचे कारण असे की "हो साहेब, बंद आहे" हे माणूस अर्धवट झोपेतही सवयीने बोलू शकतो, पण पुढचा नंबर कोणता हे तक्ता उघडून पाहिल्याशिवाय त्याला सांगता येत नाही. आपल्या आधीच्या लोकांनी होकारावर विश्वास ठेवला नाही, याचा अर्थ त्यांनी माणसावर अविश्वास दाखवला असा होत नाही. काकांना हा फरक कळतो. तुलाच तो अजून नीट कळलेला नाही, म्हणून तू ओशाळलीस.

इंजिनात लोको पायलट आणि सहायक लोको पायलट खांद्याला खांदा लावून बसतात, दोघांनाही तोच सिग्नल दिसतो, तरीही त्याचा रंग त्यांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा असा नियम आहे. जपानी रेल्वेत तर सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणण्याची जुनी पद्धत आहे. तिथल्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ साली प्रयोग करून पाहिला, तेव्हा नुसते काम करताना शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या, त्या बोट दाखवून बोलल्यावर ०.३८ वर आल्या. ते लोक आपल्याहून मठ्ठ आहेत म्हणून ओरडत बसतात असे तुला वाटते का?

विमानवाल्यांची एक हकीकत मी प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या, केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या सहवैमानिकाने मार्गाची परवानगी नियमाप्रमाणे परत वाचून दाखवली आणि शेवटी, आपण आता उड्डाणावर आहोत, अशा अर्थाचे मोघम वाक्य जोडले. टॉवरमधून "ओके" आले. त्यापुढे कंट्रोलरने थांबायला सांगितले होते, पण नेमक्या त्याच क्षणी त्याच धावपट्टीवर असलेल्या, अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमच्या विमानातूनही कोणी बोलले आणि दोन आवाज आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये पुढचे बोलणे कर्कश आवाजात बुडाले. स्पष्ट ऐकू आला तो फक्त "ओके". पॅन अ‍ॅम अजून धावपट्टीवरच नाही ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने विचारली. ज्येष्ठ कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली, आणि कनिष्ठ माणूस गप्प झाला. दोन्ही विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. पुढे 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, असे ठरले. तुझ्या वर्गातले मास्तर म्हणतात तसला आत्मविश्वास त्या कॅप्टनकडे भरपूर होता.

आता खुणांबद्दल. रेल्वेच्या सामान्य नियमांत हाताच्या खुणा किती काटेकोर आहेत ते पुन्हा वाच. शंटिंगमध्ये, म्हणजे स्टेशनात इंजिन-डबे इकडून तिकडे हलवताना, हिरवी झेंडी अंगासमोर आडवी हलवली तर खूण करणाऱ्याकडे यायचे, सावकाश वरखाली हलवली तर त्याच्यापासून दूर जायचे. लाल झेंडी हाताशी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर पूर्ण उंच धरले की थांबायचे. यात चेहऱ्यावरच्या भावाला जागाच नाही. मानेचा होकार सगळ्यांना दिसतो, पण तो नेमका कशाला दिला हे कोणालाच दिसत नाही. म्हणून काकांनी मान हलवली तरी थांब आणि नंबर वदवून घे.

विचारण्याची रीत मात्र सुधार, तिथे तुझे चुकते. "समजलं का?" असे कधीही विचारू नकोस, कारण त्या प्रश्नाला जगात एकच उत्तर मिळते. "काका, घाईत माझ्याकडून नंबर उलटसुलट झाला नाही ना, कोणता पॉइंट म्हणाले मी?" असे विचारलेस तर त्यांचा मानही राहील आणि पॉइंटचा नंबरही परत येईल. कंट्रोलरला "काय म्हणालात?" विचारून चिडवण्यापेक्षा, ऐकले ते सपाट आवाजात म्हणून दाखव आणि त्याच्याकडून "बरोबर" येईपर्यंत फोन सोडू नकोस. तो चिडला तरी माफी मागायची नाही.

मला सेक्शनमध्ये 'पोपट मास्तर' म्हणत. माझ्यामुळे गाड्या रखडतात, असे एका साहेबाने भर बैठकीत सुनावले होते, आणि बढतीच्या वेळी ते आठवणीने काढले गेले. एका चांगल्या पॉइंट्समनने माझ्या पाळीतून बदली मागून घेतली आणि जाताना तो भेटलाही नाही. त्याची रुखरुख अजून आहे. पण तोच माणूस पुन्हा माझ्या पाळीत आला असता तरी मी त्याला नंबर म्हणायला लावलेच असते. गाडीचा उशीर रजिस्टरात लिहिला जातो, टळलेला घोटाळा कुठेच लिहिला जात नाही. मग साहेबाला मी काय दाखवणार होतो?

काका तुला शंटिंगचे काही सांगतील तेव्हा त्यांचे शब्द तू स्वतःहून आधी म्हणून दाखव, म्हणजे ही सक्ती फक्त त्यांच्यावर नाही हे त्यांना दिसेल. आणि या पत्राला उत्तर लिहिताना, मी काय सांगितले ते तुझ्या शब्दांत लिही. "पत्र पोचले, आभारी आहे" एवढेच आले तर मी ते पोचले असे धरणार नाही.