दिवस कमी झाले, तर अंतर कमी कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. डिसेंबरात शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघायचे ठरले होते, मग सुकाणूचे काम निघाले, बाहेरून मागवलेले बेअरिंग यायला महिने लागले आणि बोट पाण्यात उतरली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. आता दोघांची मिळून सुट्टी मार्चातल्या बारा दिवसांची आहे आणि गोव्याच्या हॉटेलचे पैसे तर आधीच भरून झाले आहेत. तुझा नवरा म्हणतो, रात्रंदिवस चालवत थेट गोव्याचे आग्वाद गाठू. तू म्हणतेस, बंदरे घेत जाऊ, पण बोटीच्या चाचणीचे दोन दिवस वाचवू. दोघांत बरोबर कोण, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तुम्ही दोघेही वाया गेलेले दिवस समुद्राकडून वसूल करायला निघाला आहात, आणि समुद्राने कोणाची थकबाकी चुकती केल्याचे मी तरी पाहिलेले नाही. दिवस कमी झाले, तर अंतर कमी करावे. चाचणी कमी करू नये, झोप कमी करू नये आणि वारा पटला नाही तर बंदरात बसून राहण्याची मुभाही कमी करू नये.

तुझे गणित मी तपासले. मुंबई ते आग्वाद हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे आहे. ताशी पाच मैल धरले, तर मुरूड, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि मालवण असे मुक्काम करत सातव्या दिवशी तुम्ही आग्वादला लागाल, हे खरे आहे. पण हे गणित फक्त जाण्याचे आहे. जाताना वायव्येचा वारा पाठीवर असतो, त्यामुळे आपण मोठे दर्यावर्दी आहोत असे वाटू लागते. परतताना तोच वारा तोंडावर येतो. जानेवारीत पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा चांगली साथ देतो आणि दुपारचा खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा वारा बेताचा असतो. मार्च लागला की मतलईचा जोर ओसरू लागतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा असा उठतो की आखूड, उभ्या लाटांवर आपटत बोट निम्म्या वेगानेही पुढे सरकत नाही. मग पहाटे अंधारात नांगर उचलायचा आणि दुपारच्या आत पुढची खाडी गाठायची, एवढेच हातात उरते. अशा चालीने आग्वादहून मुंबईला यायला किती दिवस लागतील, याचा तुझ्या पत्रात एक आकडाही नाही. तुझ्यासारख्या काटेकोर मुलीकडून हे राहून जावे, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला.

आता चाचणीविषयी. तू पाठवलेल्या फोटोत सुकाणूच्या पात्याला खालून भोक पाडल्यावर तपकिरी पाणी ठिबकताना दिसते. पाणी स्वच्छ असते, तर मी निर्धास्त राहिलो असतो. तपकिरी रंगाचा अर्थ असा की पाते आतून भिजले होते आणि दांड्याला जोडलेल्या पोलादी पट्ट्यांना गंज धरला होता. कारागिराने पाते उघडून ते वेल्डिंग पाहिले का, की बेअरिंग बदलून वरून फायबर चढवले, हे तू लिहिलेले नाहीस; ते आधी विचारून घे. मग एकाने टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, घट्ट धरावा आणि दुसऱ्याने पाण्यात उतरून पाते दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ढकलावे. टिलर स्थिर असताना पाते बोटभरही हलले, तर बोट नांगरावरच राहू दे.

डिझेलच्या टाकीचेही तसेच आहे. बोट महिनोन्महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. बंदराच्या शांत पाण्यात तो तळाशीच राहतो, पण बाहेरच्या लाटांत ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो, आणि इंजिन नेमके खाडीच्या मुखाशी, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते, तिथे बंद पडते. म्हणून गेटवेसमोर दोन चकरा मारणे ही चाचणी नव्हे. कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाबाहेर पडून खांदेरी बेटापर्यंत जा आणि दुपारचा वारा तोंडावर घेत परत ये.

नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ ही शिडाची बोट तुला आठवत असेल. 10 सप्टेंबर 2017 रोजी ती गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. केपटाऊनहून परतताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, म्हणून ती कार्यक्रमात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात दुरुस्तीसाठी थांबली आणि 21 मे 2018 रोजी गोव्यात पोहोचली. घर इतके जवळ आले असताना थांबणे सोपे नसते. अंतर कमी करणे त्यांच्या हातात नव्हते, म्हणून त्यांनी दिवस वाढवले. तुमचे उलट आहे: दिवस वाढवणे तुमच्या हातात नाही, पण अंतर आहे.

तुझ्या काकूंनी विजयदुर्ग समुद्राकडून कधीच पाहिला नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या वर्षी आमचेही इंजिन हंगामभर उघडे पडले होते. आम्ही मार्चअखेर निघालो, जयगडला वाऱ्यासाठी थांबलो आणि शेवटी तिथूनच परत फिरलो. पुढे काकूंच्या गुडघ्यांनी बोटीत चढणेच बंद केले. त्याची खंत मला आहे आणि त्या विषयावर घरात अजूनही सर्व काही बोलले जात नाही. पण लोक ही गोष्ट माझ्या भित्रेपणाची म्हणून सांगतात, तेव्हा मात्र मी ऐकून घेत नाही. आमच्याबरोबर थांबलेल्या बोटी पुढे गेल्या आणि सुखरूप पोहोचल्या, हे मला पुष्कळदा ऐकवले गेले आहे. ते सुखरूप पोहोचले म्हणून त्यांच्याकडे दिवस पुरेसे होते, असे ठरत नाही. माझ्याकडे ते नव्हते. उद्या पुन्हा तशीच वेळ आली, तर मी पुन्हा जयगडहूनच फिरेन, काकू कितीही अबोल राहिल्या तरी.

तुझ्या नवऱ्याच्या रात्रीच्या बेताबद्दल मला फार लिहायचे नाही. बोटीवर दोघेच असताना एक जण झोपला की दुसरा एकटा पडतो, आणि दुसऱ्या रात्री जागणाऱ्याचेही डोळे मिटू लागतात. त्यातच मुंबईपासून दक्षिणेला किनाऱ्यालगत कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे समुद्रात रोवलेले खुंट आणि इतर जाळ्यांचे तरंगते बोये असतात, आणि पुष्कळांवर दिवा नसतो. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळे अडकले, तर काळोखात पाण्यात उतरून ते कापणार कोण, हे त्याने आधी सांगावे. शिवाय त्यात कोळ्याचे नुकसान होते ते वेगळेच.

माझे ऐकशील, तर पहिले दोन दिवस खांदेरीच्या चाचणीला दे. सगळे ठीक असेल, तर मुरूडला जा, जंजिरा उजवीकडे ठेवून की डावीकडे हे नकाशावर नीट पाहून राजपुरीच्या खाडीत शिर आणि दिघीला नांगर टाक. वारा बरा असेल, तर हर्णैला जाऊन ये. नसेल, तर खाडीतच राहा. परतीसाठी निदान पाच दिवस मोकळे ठेव. एवढ्यात बारा दिवस सहज सरतात आणि बोटीची पुरती ओळखही होते. गोवा पुढच्या डिसेंबरात कर.

हॉटेलचे पैसे परत मिळत नसतील, तर सुट्टीचे शेवटचे दोन दिवस राखून मांडवी एक्सप्रेसने जा. चाचणीहून आल्यावर फिल्टर काढून त्याच्या तळाचा फोटो मला पाठव, आणि हे पत्र नवऱ्याला वाचून दाखव. तो चिडला, तर त्याला मला फोन करायला सांग.

तुझा,
काका